बेन जॉन्सनच्या 'व्होल्पोनी' या सुखात्मिकेतील धनलोभ, वाणी आणि न्याय

प्रस्तावना

सुखात्मिकेच्या अखेरीस गैरसमज दूर व्हावेत, दुरावलेली माणसे एकत्र यावीत आणि विवाहाने किंवा समेटाने नाटकावर पडदा पडावा, असा पाश्चात्त्य रंगभूमीवरील सर्वसाधारण संकेत आहे. शेक्सपिअरच्या बहुतेक सुखात्मिका हा संकेत पाळतात. त्याच्याच काळात व त्याच्याच नाटकमंडळीसाठी लिहिलेल्या बेन जॉन्सन (१५७२–१६३७) याच्या 'व्होल्पोनी' या नाटकात मात्र विवाह जुळत नाही, उलट एक विवाह मोडतो. पिता-पुत्रांचा समेट होत नाही. अखेरचा प्रवेश तर फटके, गॅलीवरील आजन्म सक्तमजुरी, बेड्या आणि हद्दपारी यांच्या शिक्षा ऐकवून संपतो. असे असूनही जॉन्सनने या नाटकास सुखात्मिकाच म्हटले आहे, आणि चारशे वर्षांनंतरही ते प्रेक्षकांना हसविते.

या विसंगतीमुळे 'व्होल्पोनी'च्या समीक्षेत दोन प्रश्न वारंवार उपस्थित झाले आहेत. पहिला प्रश्न नाट्यप्रकाराचा आहे: इतका कठोर शेवट सुखात्मिकेस मानवतो काय? दुसरा प्रश्न नीतीचा आहे: नाटकातील न्यायालय अखेरीस जो निवाडा देते तो खरोखर न्याय आहे काय? हे दोन्ही प्रश्न परस्परांशी निगडित आहेत. धनलोभ, वाणी आणि न्याय या तीन सूत्रांच्या आधारे त्यांचा एकत्रित विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी आणि कथानक

'व्होल्पोनी' प्रथम १६०६ च्या आरंभी लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात किंग्ज मेन या मंडळीने सादर केले. १६१६ च्या संग्रहात प्रयोगाचे वर्ष १६०५ असे छापले आहे. त्याचे कारण इतकेच की तेव्हा इंग्लंडमध्ये वर्षारंभ २५ मार्चला मानला जात असे. नाटक १६०७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. तत्पूर्वी ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे त्याचे प्रयोग झाले होते. पुस्तकाची अर्पणपत्रिका या दोन विद्यापीठांनाच उद्देशून असून ती जॉन्सनच्या नाट्यविचाराचा महत्त्वाचा दस्तऐवज मानली जाते.

नाटककाराला न्यायालय आणि तुरुंग ही दोन्ही स्थळे प्रत्यक्ष परिचयाची होती. १५९७ मध्ये 'द आइल ऑफ डॉग्ज' या नाटकातील सहभागाबद्दल व १६०५ मध्ये 'ईस्टवर्ड हो' या नाटकातील राजकीय टोमण्यांबद्दल त्यास कैद भोगावी लागली. १५९८ मध्ये गॅब्रिएल स्पेन्सर या नटाचा द्वंद्वात वध केल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला. लॅटिन वाचता येणाऱ्या आरोपीस तत्कालीन कायद्याने जी सवलत मिळे तिच्या आधारे तो फाशीतून सुटला आणि अंगठ्यावर डाग घेऊन बाहेर पडला. एकाच गुन्ह्यास माणूस पाहून वेगळी शिक्षा होऊ शकते, हे सत्य त्याने असे स्वतःच्या देहावर वागविले होते. 'व्होल्पोनी'च्या अखेरच्या प्रवेशाचा विचार करताना हा संदर्भ ध्यानात ठेवणे उचित ठरेल.

कथानक व्हेनिसमध्ये घडते. व्होल्पोनी हा निपुत्रिक धनिक मरणासन्न असल्याचे सोंग घेऊन अंथरुणावर पडून असतो. आपणच त्याचे वारस होऊ, या आशेने वकील व्होल्टोरे, जराजर्जर कोर्बाच्चो आणि व्यापारी कोर्व्हिनो त्याला मौल्यवान भेटी आणून देतात. मोस्का हा व्होल्पोनीचा आश्रित प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगतो की मृत्युपत्रात तुमचेच नाव आहे. त्याच्या चिथावणीने कोर्बाच्चो आपल्या बोनारिओ या मुलाला वारसाहक्कातून वगळून व्होल्पोनीस वारस नेमतो, तर पत्नीने खिडकीतून डोकावणेही सहन न करणारा कोर्व्हिनो आपली पत्नी सीलिया हिला व्होल्पोनीच्या शय्येपर्यंत आणून सोडतो. व्होल्पोनी तिच्यावर बळजबरी करू पाहतो आणि मोस्कानेच तेथे लपविलेला बोनारिओ तिला सोडवितो. प्रकरण न्यायालयात जाते. तेथे खोट्या साक्षींमुळे सीलिया व बोनारिओ हेच अपराधी ठरू पाहतात. या विजयाने चेकाळलेला व्होल्पोनी स्वतःच्या मृत्यूची वार्ता पसरवितो व मोस्काला वारस नेमतो. मोस्का चोरावर मोर होऊन संपत्ती बळकावू लागतो, तेव्हा व्होल्पोनी भर न्यायालयात आपले सोंग उतरवून टाकतो आणि सर्वांचेच पितळ उघडे पडते.

पात्रांची नावे प्राणिकथेतून आलेली आहेत. इटालियन भाषेत व्होल्पोनी म्हणजे मोठा कोल्हा, मोस्का म्हणजे माशी, व्होल्टोरे म्हणजे गिधाड, कोर्बाच्चो म्हणजे डोमकावळा आणि कोर्व्हिनो म्हणजे कावळा. मेल्याचे सोंग घेऊन पक्ष्यांना जवळ येऊ देणारा आणि मग त्यांनाच पकडणारा कोल्हा मध्ययुगीन युरोपीय प्राणिग्रंथांत आढळतो. मराठी वाचकाला इसापनीतीमुळे परिचित असलेली कोल्ह्याची व कावळ्याची गोष्टही नाटकात स्पष्टपणे उल्लेखिली आहे. पहिल्या अंकात व्होल्पोनी ती गर्वाने आठवतो आणि पाचव्या अंकात वेषांतर करून कोर्व्हिनोला तिचाच टोमणा मारतो. मात्र इसापाच्या कथेत कावळा केवळ मूर्ख असतो. जॉन्सनचे पक्षी मूर्ख असण्यापूर्वी मांसभक्षक आहेत. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाण्यासाठी ते जमले आहेत, आणि मढेच त्यांना खात आहे.

आशेचा व्यापार

नाटकाच्या पहिल्या प्रवेशात व्होल्पोनी सकाळी उठून आपल्या सोन्याची पूजा करतो. देवघर उघडावे तसा खजिना उघडला जातो, आणि सूर्य, स्वर्ग, आत्मा यांच्यासाठी राखलेली विशेषणे सोन्याला वाहिली जातात. धर्माची भाषा धनाकडे वळविण्याच्या या क्रियेतून नाटकाचा विषय प्रारंभीच निश्चित होतो. परंतु येथे थांबून 'हे लोभावरील नाटक आहे' एवढेच म्हटल्यास जॉन्सनच्या निरीक्षणाचा नेमकेपणा निसटतो.

व्होल्पोनी लगेच सांगतो की संपत्ती जवळ असण्यापेक्षा ती युक्तीने मिळविण्यात त्याला अधिक आनंद वाटतो. तो पुढे अभिमानाने नोंदवितो की तो जमीन नांगरीत नाही, कारखाने चालवीत नाही, समुद्रावर जहाजे पाठवीत नाही आणि व्याजबट्ट्याचा धंदाही करीत नाही. म्हणजे त्याच्या काळात धन मिळविण्याचे जे मार्ग ज्ञात होते ते सर्व त्याने नाकारले आहेत. तो काहीही उत्पन्न करीत नाही. तो फक्त एक आशा विकतो: आज दिलेले उद्या दसपटीने परत मिळेल ही आशा. प्रत्येक गिऱ्हाईक ती पुन्हा पुन्हा विकत घेते, कारण आधी दिलेल्या भेटी फुकट जाऊ नयेत यासाठी आणखी एक भेट देणे त्यास भाग पडते.

वारसा लाटण्यासाठी निपुत्रिक वृद्धांची खुशामत करणाऱ्यांवरील उपरोध जॉन्सनला रोमन साहित्यातून मिळाला. होरेस, पेट्रोनिअस आणि ग्रीक भाषेत लिहिणारा ल्यूशिअन यांनी हा विषय हाताळला होता. तथापि जॉन्सनच्या लंडनमध्ये या जुन्या विषयाला नवा अर्थ प्राप्त झाला होता. १५७१ च्या कायद्याने दहा टक्क्यांपर्यंतचे व्याज व्यवहारतः सहन केले जाऊ लागले. त्याच वर्षी राणी एलिझाबेथने लंडनच्या व्यापारी पेठेस रॉयल एक्स्चेंज हे नाव दिले. १६०० च्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली. न पाहिलेल्या जहाजातील न आलेल्या मालावर पैसे लावणे हा प्रतिष्ठित व्यवहार ठरत होता. एल. सी. नाइट्स यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जॉन्सनच्या नाटकांचा या संचयी अर्थव्यवस्थेशी असलेला संबंध विस्ताराने मांडला आहे. त्यांच्या विवेचनात एवढी भर घालता येईल की 'व्होल्पोनी'मध्ये वस्तूंपेक्षा भविष्यकाळाची देवघेव अधिक आहे. भांडी, मोती, हिरा आणि नाण्यांची थैली या वस्तू खऱ्या आहेत. त्यांच्या बदल्यात जे मिळते ते केवळ एक क्रियापद आहे, आणि तेही भविष्यकाळी.

सर पॉलिटिक वुड-बी या इंग्रज प्रवाशाचे उपकथानकही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. व्हेनिसला रॉटरडॅमहून खारवलेले मासे पुरविणे, चकमकीच्या डब्या बाळगण्यावर परवाने बसविणे, कांद्यांच्या साहाय्याने जहाजावरील प्लेगची परीक्षा करणे, अशा योजना तो मोठ्या गांभीर्याने सांगतो. हे उपकथानक अनावश्यक समजून प्रयोगांतून पुष्कळदा गाळले गेले. योनास बॅरिश यांनी १९५३ मधील निबंधात मुख्य कथानकाशी असलेले त्याचे नाते दाखवून दिल्यानंतर हा आक्षेप बराच मावळला. सर पॉलिटिक निरुपद्रवी आहे, परंतु त्याचा रोग तोच आहे. शून्यातून धन निर्माण करण्याचे स्वप्न जेथे मूर्खाच्या डोक्यात असते तेथे ते हास्यास्पद ठरते. चतुराच्या हाती गेले की त्याचाच सापळा होतो.

तीन विक्रय

व्होल्पोनीच्या तीन गिऱ्हाइकांची योजना निव्वळ संख्यावाढीसाठी केलेली नाही. प्रत्येकजण समाजाच्या एका आधारस्तंभाचा प्रतिनिधी आहे आणि प्रत्येकजण तोच स्तंभ विकतो. व्होल्टोरे कायदा विकतो, कोर्बाच्चो पितृत्व विकतो, तर कोर्व्हिनो विवाह विकतो.

यांतील कोर्व्हिनोचे रूपांतर सर्वांत भयंकर आहे. दुसऱ्या अंकात सीलियाने खिडकीतून रुमाल खाली टाकला एवढ्यावरून तो तिला कोंडून ठेवण्याच्या आणि शीलरक्षणाचे कुलूप लावण्याच्या धमक्या देतो. त्यानंतर थोड्याच वेळात मोस्का सांगतो की व्होल्पोनीच्या उपचारासाठी वैद्यांनी तरुण स्त्रीचा सहवास सुचविला आहे आणि एका वैद्याने आपली मुलगी देऊ केली आहे. ही बातमी ऐकताच कोर्व्हिनो पत्नी देण्यास सिद्ध होतो. वरवर पाहता संशयी पतीचा हा संपूर्ण पालट वाटतो. वस्तुतः काहीच पालटलेले नाही. दोन्ही वेळा त्याच्या लेखी सीलिया ही मालमत्ता आहे. मालमत्ता कुलूपबंद ठेवायची की गहाण टाकायची, एवढाच निर्णय बदलला आहे. तिसऱ्या अंकात ती नकार देते तेव्हा तो प्रतिष्ठा ही निव्वळ कल्पना असल्याचे सांगतो. सोन्याचे जसे स्पर्शाने काही बिघडत नाही तसे तिचेही बिघडणार नाही, हा त्याचा युक्तिवाद त्याच्या मनातील समीकरण उघड करतो.

कोर्बाच्चोचे उदाहरण अधिक विनोदी, म्हणून कमी धक्कादायक वाटते. तो बहिरा आहे, त्याला दिसत नाही, स्वतः मरणाच्या दारात उभा आहे, आणि व्होल्पोनीच्या मरणाची वाट पाहत आहे. व्होल्पोनीच्या दुखण्याचे वर्णन ऐकून त्याला स्वतःस तरुण झाल्यासारखे वाटते. दुसऱ्याचे मरण हे आपले आयुष्य, हा त्याचा हिशेब आहे. त्या हिशेबात मुलाला स्थान नाही, कारण मुलगा म्हणजे आपल्या मरणाची आठवण. वारसा ही संस्था मुळात मृत्यू मान्य केल्याशिवाय अर्थपूर्ण होत नाही. येथे मात्र मृत्यू नाकारण्यासाठीच वारसा वापरला जातो.

व्होल्पोनीही निपुत्रिक आहे. त्याच्या घरातील बुटका, षंढ आणि उभयलिंगी असे तीन विदूषक त्याचीच अनौरस संतती असल्याचे मोस्का कोर्व्हिनोला सांगतो. हे सत्य की थाप, हे नाटक ठरवीत नाही. परंतु ज्या घरात धनाशिवाय काहीच वाढत नाही त्या घराचे चित्र या तिघांमुळे पूर्ण होते.

वाणी आणि साक्ष

व्होल्पोनी व मोस्का यांच्याजवळ शस्त्र एकच आहे, ते म्हणजे भाषा. आजारी माणसाची कण्हणारी वाणी, चौकात तेल विकणाऱ्या मान्तुआच्या स्कोटो नामक भोंदू वैद्याची अखंड बडबड, सीलियाला भुलविण्यासाठी आळवलेली प्रणयाची वाणी, या सर्व व्होल्पोनी सारख्याच सफाईने वापरतो. मोस्काचे कौशल्य याहून सूक्ष्म आहे. तो प्रत्येकाला त्याच्याच इच्छेचे शब्द परत ऐकवितो. पहिल्या अंकात तो व्होल्टोरेसमोर वकिली व्यवसायाची स्तुती करतो: वकील एकाच प्रकरणात दोन्ही बाजूंनी बोलू शकतो आणि दोघांकडूनही पैसे घेऊ शकतो. व्होल्टोरेला ही स्तुतीच वाटते, आणि तेथेच त्याची परीक्षा होऊन जाते.

चौथ्या अंकातील न्यायालयाच्या प्रवेशात ही वाणी सार्वजनिक क्षेत्रात उतरते. व्होल्टोरे सीलिया व बोनारिओ यांच्यावर व्यभिचाराचा आणि पितृहत्येच्या कटाचा आरोप ठेवतो. पिता मुलाविरुद्ध, पती पत्नीविरुद्ध साक्ष देतो. लेडी वुड-बी स्वतःच्या गैरसमजातून सीलियाला दोषी ठरविते. शेवटी अर्धांगाने लुळा पडलेला भासणारा व्होल्पोनी मंचकावर वाहून आणला जातो, आणि अशा देहाकडून बलात्कार कसा संभवेल, या एका दृश्याने खटला निकालात निघतो. उंदराला मांजर साक्ष ही म्हण येथे शब्दशः प्रत्ययास येते. आरोपींना त्यांचे साक्षीदार कोण, असे विचारले असता ते आपली सदसद्विवेकबुद्धी आणि परमेश्वर यांचा निर्देश करतात. न्यायाधीशांच्या मते ही साक्ष नव्हे.

सीलिया व बोनारिओ ही पात्रे निस्तेज आहेत, असा आक्षेप जुना आहे. कोलरिजला या नाटकातील प्रमुख पात्रांत चांगुलपणाचा अभाव जाणवला. सीलिया ही कोर्व्हिनोची पत्नी न दाखविता पुतणी किंवा पाल्य दाखविली असती आणि बोनारिओ तिचा प्रियकर असता तर नाटक अधिक आल्हाददायक झाले असते, असे त्याने सुचविले. सूचना रुचकर आहे, परंतु ती मान्य केल्यास नाटकाचा कणाच मोडतो. सीलिया पत्नी आहे म्हणूनच कोर्व्हिनोचा विक्रय हा संस्थेचा विक्रय ठरतो. शिवाय तिची व बोनारिओची वाणी निस्तेज असणे हे नाटकातील वस्तुस्थितीचे कथन आहे. ज्या न्यायालयात वक्तृत्व हाच पुरावा आहे तेथे सरळ बोलणाऱ्यास बोलताच येत नाही. बोनारिओचे उच्चार ताठर व पुस्तकी आहेत, हे खरे. परंतु त्याच्याजवळ दोन जिभा नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. मोस्काइतके रसाळ बोलणारा सज्जन जॉन्सनला निर्माण करता आला नसता असे नाही. तसा सज्जन निर्माण केल्याने सत्य हेही वक्तृत्वावर विसंबते, असे सिद्ध झाले असते.

सोंगाची हौस आणि अधःपात

चौथ्या अंकाअखेर व्होल्पोनी सर्वस्वी सुरक्षित आहे. येथे नाटक थांबले असते तरी कथानक पूर्ण झाले असते. ड्रायडनने १६६८ मधील नाट्यविषयक संवादात हाच मुद्दा उपस्थित केला. त्याच्या मते नाटकातील पहिली कृती चौथ्या अंकात संपते व पाचव्या अंकातील कृती तिच्यातून ओढून काढलेली आहे. मात्र व्होल्पोनीच्या धूर्तपणाशी ती जुळत नसली तरी त्याच्या भोगलोलुप स्वभावाशी जुळते, हेही त्याने मान्य केले. स्टीफन ग्रीनब्लॅट यांनी १९७६ मधील निबंधात या 'खोट्या शेवटा'लाच नाटकाच्या अर्थाचे केंद्र मानले.

पाचव्या अंकाच्या आरंभी व्होल्पोनी अस्वस्थ आहे. न्यायालयात सोंग वठविताना आपला डावा पाय खरोखरच आखडल्याचे त्याला जाणवले होते. ही भीती घालविण्यासाठी तो मद्य घेतो आणि लगेच नवे सोंग शोधतो. आपण मेल्याची वार्ता उठवून, पडद्याआडून वारसांची निराशा पाहण्याची त्याला इच्छा होते. या कृत्यातून त्यास एक पैही मिळणार नाही. तेवढ्यानेही समाधान न होऊन तो न्यायालयाच्या बेलीफाचा वेष घेतो आणि रस्त्यात वकिलाला, म्हाताऱ्याला व व्यापाऱ्याला गाठून डिवचतो. लोभी मनुष्याने हे केले नसते. हे नटाचे कृत्य आहे. पहिल्याच प्रवेशात त्याने मिळविण्यातील युक्तीला मिळकतीपेक्षा वरचे स्थान दिले होते. त्या वाक्याची किंमत त्याला येथे चुकवावी लागते.

यातील विडंबन असे की कायदेशीरदृष्ट्या व्होल्पोनी स्वतःच स्वतःला संपवितो. मृत म्हणून जाहीर झालेल्या माणसाला हक्क नसतात. इतरांना तो जसा भविष्यकाळात अडकवीत होता, तसा मोस्का त्याला भूतकाळात अडकवितो. जिवंत असल्याचे सिद्ध करावयाचे तर गुन्हा कबूल करावा लागेल, आणि गुन्हा लपवावयाचा तर मेलेलेच राहावे लागेल, अशा पेचात तो सापडतो. सोंग उतरविण्याचा त्याचा निर्णय हा पश्चात्ताप नव्हे. आपली संपत्ती एका आश्रिताने भोगावी, हे त्याला असह्य होते. तो स्वतः बुडतो, पण सर्वांना घेऊन बुडतो.

निवाडा आणि दया

अखेरच्या निवाड्यात प्रत्येकास त्याच्या अपराधास साजेशी शिक्षा मिळते. व्होल्टोरेची वकिली काढून घेऊन त्याला हद्दपार केले जाते. कोर्बाच्चोची मालमत्ता मुलास देऊन त्याला मठात धाडले जाते, कारण जगणे न शिकलेल्या माणसाने निदान मरणे शिकावे. कोर्व्हिनोला गाढवाचे कान लावून व्हेनिसच्या मोठ्या कालव्यातून फिरविले जावे आणि नंतर खोड्यात उभे करावे, असे ठरते. व्होल्पोनीची संपत्ती असाध्य रोग्यांच्या इस्पितळास दिली जाते आणि तो ज्या व्याधींचे सोंग करीत होता त्या खऱ्या होईपर्यंत त्याला बेड्या घालून तुरुंगात ठेवण्याचे ठरते. १५२२ मध्ये स्थापन झालेले असाध्य रोग्यांचे इस्पितळ व्हेनिसमध्ये प्रत्यक्षात होते, हे येथे लक्षात घ्यावे.

अर्पणपत्रिकेत जॉन्सनने या कठोरतेचे समर्थन केले आहे. काटेकोर नियमांनुसार असा शेवट सुखात्मिकेस दोषास्पद ठरेल, हे त्याला मान्य आहे. परंतु रंगभूमी दुर्गुणांना शासन करीत नाही असे म्हणणाऱ्यांची तोंडे बंद करणे, आणि न्यायाचे अनुकरण करून लोकांना शिकविणे, हे आपले कर्तव्य असल्याचे तो सांगतो. हे निवेदन प्रमाण मानून अनेकांनी शेवटाकडे सरळ नीतिपाठ म्हणून पाहिले. नाटकाची संहिता मात्र इतकी सरळ नाही. तीन तपशील त्या दृष्टीने निर्णायक आहेत.

पहिला तपशील न्यायाधीशांविषयी आहे. मोस्का वारस झाल्याचे कळताच चौघांपैकी एकास तो आपल्या मुलीसाठी उत्तम वर वाटू लागतो. म्हणजे चौथे गिऱ्हाईक न्यायासनावरच बसलेले आहे. सत्य उघडकीस येते ते त्यांच्या चौकशीमुळे नव्हे, तर दोन लबाडांच्या भांडणामुळे. सत्य उघड झाल्यावर न्यायाधीश धनलोभाची निंदा करतात, परंतु ती नंतरची आहे.

दुसरा तपशील शिक्षांच्या प्रमाणाविषयी आहे. मोस्काला फटके मारून गॅलीवर आजन्म वल्ही मारण्यास पाठविले जाते. प्रतिष्ठित माणसाचा पेहराव करण्याचे धाडस त्याने केले, हाही त्याच्या अपराधाचा भाग मानला जातो. व्होल्पोनी जन्माने व दर्जाने प्रतिष्ठित असल्याने त्याला तीच शिक्षा देता येत नाही, असे न्यायालय स्पष्ट सांगते. व्होल्पोनीची शिक्षा सौम्य आहे असे नव्हे. परंतु कायदा अपराध पाहण्यापूर्वी कुळ पाहतो, हे जॉन्सनने झाकून ठेवलेले नाही. सीलियाला तिप्पट हुंड्यासह पित्याच्या घरी पाठविले जाते. तिच्या यातनांची भरपाईही अखेर पैशातच मोजली जाते, आणि एका पुरुषाच्या घरातून ती दुसऱ्या पुरुषाच्या घरात परत जाते.

तिसरा तपशील आकाराने लहान, परंतु सर्वांत महत्त्वाचा आहे. अपराधी कृपेची याचना करतात तेव्हा सीलियाही त्यांच्यासाठी दया मागते. ज्यांनी तिला विकले, फसविले आणि खोटे पाडले त्यांच्यासाठीच ती बोलते. त्यावर न्यायाधीश उत्तर देतात की अपराध्यांसाठी रदबदली केल्याने तुझ्याच निरपराधित्वास बाधा येते. संपूर्ण नाटकात मोबदल्याची अपेक्षा न ठेवता काही देऊ करणारे हे एकमेव वाक्य आहे. भेटी, मोती, मुलगा, पत्नी, साक्ष यांपैकी जे काही दिले गेले ते दसपटीच्या आशेने दिले गेले. सीलियाची दया तेवढी निरपेक्ष आहे, आणि न्यायालयाला तीच अनाठायी वाटते. चौथ्या अंकात तिच्या सत्याला साक्ष म्हणून मान्यता नव्हती. पाचव्या अंकात तिच्या दयेला नाही. निकाल उलटला, तरी तिचे बोलणे ऐकण्याची न्यायालयाची क्षमता वाढलेली नाही.

या तपशिलांमुळे जॉन्सनचा नीतिविचार खोटा ठरत नाही, उलट अधिक गंभीर होतो. दुर्गुणांना शासन होते, हे नाटक दाखविते. शासन करणारी व्यवस्था दुर्गुणांपासून मुक्त आहे, असा दिलासा मात्र ते देत नाही. स्टीफन झ्वाइग याने १९२६ मध्ये रंगभूमीवर आणलेल्या जर्मन रूपांतरात शेवट बदलला आणि संपत्ती मोस्काच्या हाती गेली. विसाव्या शतकाला तो शेवट अधिक पटला. तथापि जॉन्सनच्या मूळ शेवटात जो बोचरेपणा आहे तो या बदलाने नाहीसा होतो. मोस्का जिंकला तर प्रेक्षक हसून मोकळा होतो. मोस्काला शिक्षा झाली तर शिक्षा देणाऱ्यांकडे पाहणे प्रेक्षकाला भाग पडते.

समारोप

शिक्षा ऐकल्यानंतर व्होल्पोनीचे काम करणारा नट पुढे येतो व प्रेक्षकांकडे टाळ्या मागतो. कायद्याने व्होल्पोनीला दंड दिला असला तरी प्रेक्षकांचा त्याने काही अपराध केलेला नाही, अशी त्याची आशा असते. सुखात्मिकेच्या अखेरीस टाळ्या मागणे हा रूढ संकेत होता, पण येथे त्याला वेगळे वजन येते. दोन-अडीच तास प्रेक्षकांनी या कोल्ह्याच्या कसबाचा आनंद घेतलेला असतो. त्याच्या सोंगाला दाद देणारे आणि त्याच्या सोंगाला भुलणारे यांच्यातील अंतर किती, हा प्रश्न टाळीबरोबरच उभा राहतो.

प्रस्तुत विवेचनातून असे दिसते की 'व्होल्पोनी' हे केवळ लोभी माणसांच्या फजितीचे नाटक नाही. निर्मितीवाचून मिळणाऱ्या धनाची आशा माणसांना कायदा, अपत्य आणि सहचरी विकावयास कशी लावते, याचे ते विश्लेषण आहे. जेथे बोलण्याची सफाई हाच पुरावा मानला जातो तेथे सत्याची काय अवस्था होते, हे ते दाखविते. न्यायालयाने योग्य माणसांना शिक्षा केली म्हणजे न्यायाचे काम पुरे झाले काय, असाही प्रश्न ते विचारते. जॉन्सनने हे नाटक विद्यापीठांना अर्पण केले, यात औचित्य आहे. वाणीचे शिक्षण देणाऱ्या संस्थांनी, ती वाणी कोणाच्या कामी येते याचाही विचार करावा, ही त्या अर्पणातील अव्यक्त अपेक्षा मानता येईल. सीलियाच्या एका वाक्याला न्यायालयात मिळालेले उत्तर ध्यानात घेतल्यास त्या विचाराची आवश्यकता पुरेशी स्पष्ट होते.